‘खरा टोन वॉटमध्ये असतो’ म्हणे!

बँडमध्ये वाजवणाऱ्यांत एक सल्ला गेली कित्येक वर्षं हातोहात फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: “स्टेजवर गिटार पातळ वाटते कारण तुमचा ॲम्प लहान आहे. १०० वॉटचा ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) घ्या आणि दणकून उघडा. मिड (मधले सूर) कमी करा, आवाज भारदस्त होतो. घरी जमलेली सेटिंग स्टेजवर बदलू नका. केबल महागातली घ्या. बाकीचं साऊंडवाला बघेल. खरा टोन वॉटमध्ये असतो.”

हा सल्ला मी स्वतः पाळलेला आहे, चांगली तीन-चार वर्षं. त्यामुळे पुढे कुठे सूर चढला तर समजून घ्या. तो राग थोडा माझ्यावरचाही आहे.

आधी वॉटचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. वॉट दुप्पट केले की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते. ५० वॉटवरून १०० वर गेलात की पदरात पडतात ते हे ३ डेसिबल. फरक कळतो, पण मागे वळून बघावं इतका नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलटा हिशोब जास्त मजेशीर आहे: स्पीकर तोच असेल तर १० वॉटचा ॲम्प १०० वॉटच्या ॲम्पच्या साधारण निम्मा वाटतो. दहावा हिस्सा नव्हे, निम्मा. आणि ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे ठराविक वॉटला किती आवाज देतो त्याचं माप) स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवलात, तर ॲम्पला हात न लावता वॉट दुप्पट केल्यासारखंच होतं.

मग १०० वॉटचे ॲम्प निघालेच कशाला? कारण त्या काळी गिटारच्या ॲम्पसमोर माइक लावून तो आवाज पीएमध्ये (सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांच्या यंत्रणेत) सोडायची पद्धत रुळली नव्हती. पीए असायचा तो मुख्यतः गाणाऱ्यांसाठी, आणि तोही यथातथाच. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर वाजले, ते व्हॉक्स कंपनीच्या १०० वॉटच्या ॲम्पवर, आणि तरीही किंकाळ्यांच्या गदारोळात त्यांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. त्याच सुमारास ॲम्प बनवणारे जिम मार्शल यांनी ‘द हू’ बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडच्या मागणीवरून १०० वॉटचे ॲम्प बनवले. त्या यंत्रांना अख्खी जागा एकट्याने भरायची होती. आज ते काम पीए करतो. ॲम्पने फक्त समोरच्या माइकला चांगला आवाज द्यायचा आणि वाजवणाऱ्याला ऐकू यायचं, बस.

या सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. ट्यूब ॲम्प वर उघडला की त्याच्या पॉवर सेक्शनमध्ये (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा टप्पा) आवाज हळूहळू फुटायला लागतो, स्पीकरही जोरात हलतो, आणि बोटांच्या दाबाला आवाज उत्तर देऊ लागतो. ती मजा वेगळीच आहे. पण म्हणूनच तर ॲम्प लहान हवा! १५-२० वॉटचा ॲम्प त्या मुक्कामाला खूप आधी पोचतो. १०० वॉटचा ॲम्प लहान सभागृहात तिथवर नेलात तर पहिल्या रांगेतले लोक उठून मागे जातील, म्हणून त्याचा व्हॉल्यूम दहापैकी दीडवरच ठेवावा लागतो, आणि दीडवर तो निव्वळ एक जड खोकं असतो.

आता ‘पातळ वाटते’ या तक्रारीकडे येतो, कारण तिचं मूळ बहुतेक वेळा वॉटमध्ये नसतंच. ते जमिनीवर असतं.

ॲम्प जमिनीवर ठेवलेला आहे असं धरा. स्पीकरचा मध्य जमिनीपासून फूटभर वर. तुम्ही त्याच्यापुढे एक मीटरवर उभे. तुमचा कान त्या स्पीकरच्या सरळ रेषेपासून ५० अंशांच्या आसपास वर आहे. १२ इंची स्पीकर साधारण १ किलोहर्ट्झच्या वर आवाज अरुंद झोतात फेकू लागतो, आणि सूर जितका तीक्ष्ण तितका झोत निमुळता. तो झोत तुमच्या पोटऱ्यांना लागतो. कानाला येतो तो उरलेला, बोथट, घुमणारा भाग. मग तुम्ही काय करता? ट्रेबल वाढवता. पोटरीला ट्रेबलची तक्रार नसते. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान नेमका त्या झोतात येतो.

मला हे कळलं ते एका कार्यक्रमानंतर. तिसऱ्या रांगेतल्या मित्राने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि माझीच गिटार मला ओळखू येईना. पत्रा कापल्यासारखा आवाज. स्टेजवर मात्र मी ट्रेबल आठवर ठेवूनही ‘अजून चमक नाही’ म्हणत होतो. पुढच्या वेळी ॲम्प खुर्चीवर ठेवला, मागे तिरका टेकवला, झोत सरळ माझ्या तोंडावर. पहिला कॉर्ड वाजवला आणि दचकलो. ट्रेबल आपोआप चारवर आला, व्हॉल्यूमही उतरला. खर्च शून्य. खुर्चीचा एक फायदा आणखी: पोकळ लाकडी स्टेजवर ठेवलेला ॲम्प खालच्या फळ्याही वाजवतो आणि बेस फुगतो, तो प्रकार बराचसा थांबतो.

माइक लावतानाही हाच झोत लक्षात ठेवायचा. स्पीकरच्या मधोमध माइक धरला तर आवाज धारदार, कडेकडे सरकवला तर मऊ. मिक्सरवर इक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारे नॉब) फिरवण्याआधी माइक दोन बोटं बाजूला सरकवून बघावा.

मिड कमी करण्याचा सल्ला म्हणजे स्वतःच्या हाताने गिटार पुसून टाकण्याचा उपाय. एकट्याने वाजवताना तो छान वाटतो, हे खरं. खाली गुरगुर, वर चकाकी. पण बँड सुरू झाला की खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमने घेतलेली असते. गिटारची सगळ्यात खालच्या सुराची तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ४१ ला. त्या भागात बेसवाल्याशी भांडून गिटारवाला जिंकत नाही. वर हाय-हॅट आणि झांजांचं राज्य आहे, आणि गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे तसाही मान टाकतो. उरतं काय? मधलं. साधारण ४०० हर्ट्झ ते अडीच-तीन किलोहर्ट्झ. तेच काढून टाकलंत तर हातात राहतात फक्त दुसऱ्यांनी आधीच व्यापलेल्या जागा.

आणि ‘मिड मी पाचवरच ठेवलाय, कमी कुठे केलाय’ असं म्हणणाऱ्यांसाठी: बऱ्याच जुन्या धाटणीच्या ॲम्पमधले टोनचे नॉब (बेस, मिड, ट्रेबल) फक्त कापतात, वाढवत नाहीत, आणि एकमेकांत गुंतलेले असतात. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या ॲम्पवर तिन्ही पाचवर ठेवले तरी मधे खड्डा असतोच. सपाटीच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणि मिड दहावर, असं विचित्र चित्र दिसतं. तेव्हा आकड्यांकडे बघून नाही, बँडमध्ये ऐकून फिरवायचं. मिक्सरवर गिटारच्या चॅनेलला १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावायला सांगा. एकट्याने ऐकलं तर गिटार किडकिडीत वाटेल, पण बेसबरोबर ऐकलं की जागेवर बसते.

गेनचंही तसंच, म्हणजे आवाज किती फुटावा हे ठरवणाऱ्या नॉबचं. डिस्टॉर्शन (हे फुटणं) जितकं जास्त तितका आवाज दाबला जातो, प्रहार बोथट होतो, आणि सहा जणांत गिटार चिखल होते. घरच्यापेक्षा गेन पाव भाग तरी कमी ठेवा. सोलोसाठी बूस्ट (सिग्नल वाढवणारं पेडल) वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, ‘पेडल दाबलं तरी आवाज वाढत नाही’. आधीच तुडुंब भरलेल्या प्रीॲम्पच्या (ॲम्पचा पहिला टप्पा) आधी बूस्ट लावला तर फक्त आणखी फुटतं, उंची वाढत नाही. तोच बूस्ट डिस्टॉर्शनच्या नंतर किंवा ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर पेडल जोडायची जागा) लावा.

यातलं निम्मं काम तर नॉबचं नाहीच, वाजवण्याचं आहे. दोन गिटारी एकाच जागी तेच कॉर्ड वाजवत असतील तर जगातला कुठलाही ॲम्प त्यांना वेगळं करणार नाही. एकाने खाली वाजवलं तर दुसऱ्याने बाराव्या फ्रेटकडे जावं, किंवा सरळ गप्प बसावं. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसच्या अंगावर जात असेल तर तो उचलायला सांगावं. (हे सांगण्यासाठी बँडमधला सगळ्यात गोड बोलणारा माणूस पाठवा.)

घरची सेटिंग न बदलण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण याचा निकाल १९३३ सालीच लागलाय. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी तेव्हा दाखवलं की आवाज लहान असताना कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते पटकन वर येतात. घरी शेजाऱ्यांच्या भीतीने हळू वाजवताना तुम्ही बेस वाढवून ठेवता, आणि तीच सेटिंग स्टेजच्या आवाजाला गेली की गुबगुबाट. रिव्हर्बही (घुमारा) तसाच, घरच्या खोलीत नसतो म्हणून घालता, सभागृहात आधीच भरपूर असतो. डिजिटल मॉडेलर (ॲम्पची नक्कल करणारं यंत्र) वापरणाऱ्यांना हे जास्तच बाधतं, कारण त्यांचे प्रीसेट (साठवलेल्या सेटिंग) बहुधा हेडफोनवर बनलेले असतात. तालमीत, ड्रम चालू असताना बनवा.

राहिला ‘बाकीचं साऊंडवाला बघेल’. सगळ्या सल्ल्यातलं हे वाक्य मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. मी काही काळ मिक्सरच्या त्या बाजूलाही बसलोय. लहान सभागृह, गिटारवाल्याचा ॲम्प प्रेक्षकांकडे तोंड करून उघडलेला. मी मिक्सरवरचा गिटारचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) पूर्ण खाली आणला. काही फरक नाही. गिटार तेवढीच, गाणारी कुठेतरी मागे. मिक्सरवरचा फेडर फक्त पीएमधला आवाज कमी करतो. ॲम्पमधून हवेत गेलेला आवाज परत घ्यायचं बटण अजून निघालेलं नाही. गाणारीचा माइक वाढवला तर तिच्या मागे असलेली तीच गिटार आणि झांजा त्याच माइकमधून आणखी आत शिरल्या. थोडा अजून वाढवला आणि स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजली. कार्यक्रमानंतर गिटारवाला येऊन म्हणाला, “साऊंड बरोबर नव्हता.”

शिट्टीचं गणित कठोर आहे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते. म्हणून न वापरलेला माइक बंद. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणून गाणाऱ्याने माइक ओठांजवळ घेणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) बरोब्बर मागून सर्वांत बहिरा असतो, म्हणून मॉनिटर (वाजवणाऱ्यांना ऐकू येण्यासाठी स्टेजवर ठेवलेला स्पीकर) त्याच्या थेट मागे. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद भागातून ऐकणारा) मात्र मागच्या दोन कोपऱ्यांत, साधारण १२५ अंशांवर बहिरा असतो. त्याला मॉनिटर थेट मागे ठेवलात तर तुम्ही स्वतःच शिट्टी मागवताय. आणि माइकची जाळी मुठीत धरून गाणाऱ्यांनी तर हे सगळं गणितच मोडीत काढलेलं असतं.

मॉनिटरमध्ये आधी फक्त गाणं द्या. मग ज्याला जे खरंच ऐकू येत नाही तेवढंच. ‘मला मी जास्त’ ही मागणी एकाने केली की पाच मिनिटांत सगळे करतात, ड्रमवाल्याला काही ऐकू येत नाही म्हणून तो आणखी जोरात मारतो, आणि चढाओढ सुरू. अमेरिकेतल्या नायोश या कामाच्या जागची सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तास चालतात, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. तालमीच्या खोलीत १०० गाठणं अजिबात कठीण नाही.

साऊंड चेकला एकेकट्याने आपापला लाडका तुकडा वाजवू नका. किक ड्रमची वीस मिनिटं झाली की गाण्याला दोनच उरतात. सगळ्यात गजबजलेल्या गाण्याचं धृपद सगळ्यांनी मिळून वाजवा, आणि एकाने खाली जाऊन ऐका. रिकामं सभागृह जास्त चकचकीत वाजतं. माणसं भरली की त्यांची अंगं आणि कपडे वरचे सूर शोषतात. तेव्हा चेकला ट्रेबल किंचित जास्त वाटला तर घाईने कापू नका.

आणि हो, ती महागातली केबल. फरक पडतो तो किमतीने कमी, लांबीने जास्त. साध्या पिकअपच्या (तारांचं कंपन पकडणारा भाग) गिटारला केबलच्या दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड (विद्युत साठवणुकीचं माप) जोडले जातात, म्हणून १० मीटरची केबल वरची चमक खाते. तीन-साडेतीन मीटरची वापरा. स्टेजभर फिरायचंच असेल तर गिटारनंतर लगेच बफर (सिग्नल केबलमुळे कमजोर होऊ न देणारं छोटं यंत्र) लावा, मग पुढे केबल कितीही लांब सोडा.