कोपऱ्यातलं नाव

परवा कामगार दिनाला काकूने फॅमिली ग्रुपवर एक चित्र टाकलं. रेल्वेचा रूळ, खडी, आणि खडीवर उलटी पडलेली निळी स्लीपर, पट्टा निघालेला आणि तो खालून सेफ्टी पिनने अडकवलेला. वर कुणीतरी लाल अक्षरांत "मजुरांना सलाम" लिहून गुलाबी बॉर्डर मारलेली आणि कोपऱ्यात कुठल्यातरी पेजचा लोगो. लगेच ग्रुपवर हात जोडल्याचे इमोजी सुरू झाले, मामाने तर एक शेरपण टाकला.

चित्र माझं होतं.

८ मे २०२० ला जालन्याहून पायी निघालेली माणसं करमाडजवळ रुळावर विसावली होती, पहाटे मालगाडीखाली सोळाजण गेले, तेव्हाचं. त्या दिवशी सगळ्या फीडवर रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो होते. मला भाकरी काढवेना. कितीही नीट काढली तरी ती सुंदर दिसत होती, गोल, डाग पडलेली, आणि सुंदर दिसतेय याचाच त्रास होत होता. मग चप्पल काढली. पिन मात्र बघून काढली, आमच्या घरी दाराशी पडलेल्या एका स्लीपरला तशी होती. रात्री दोन वाजता किचनच्या टेबलावर, भांडी तशीच सिंकमधे. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाकलं आणि पोस्ट करून झोपले.

तर ते नाव या पाच-सहा वर्षांत कुठेतरी कापलं गेलंय, आणि चित्र फिरत फिरत आमच्याच घरात परत आलंय गुलाबी बॉर्डर घालून.

मी काकूला फोन केला. म्हटलं अगं ते मी काढलंय. काकू खूश झाली, मग म्हणाली "अय्या, मग सांगायचं नाही का! पण पोचलं ना बाळा लोकांपर्यंत, नावाचं काय एवढं?" चिडून फोन ठेवणार होते पण तिच्या किचनमधे भांड्यांचा आवाज येत होता त्यावरून सुचलं. काकूच्या घरी वाटीपासून कुकरच्या झाकणापर्यंत सगळ्यांवर नाव घातलेलंय, दुकानात उभं राहून मशीनने टर्र टर्र करून घातलेलं. विचारलं, डब्यावर नाव कशाला घालतेस? "अगं शेजारी गेला की परत यायला नको?" म्हटलं तसंच आहे काकू. दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "हं. पण डब्यात मी लाडू घालून देते, ते कुठे परत मागते." यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही, प्रामाणिकपणे सांगते.

पण विषय डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितेय, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

वाईट काळ आला की पोस्टर, चित्रं, कॉमिक्स यांचा पूर येतो आणि यात बायका खूप असतात, आणि स्वतःला बाई किंवा पुरुष यातल्या कुठल्याच रकान्यात न बसवणारे, म्हणजे नॉन-बायनरी कलाकारही असतात. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बसमधल्या बलात्कारानंतर असं झालं, २०१९ च्या हिवाळ्यात नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात झालं, लॉकडाऊनमधे झालं, ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या प्रकारानंतर झालं. पेपरातल्या व्यंगचित्राच्या चौकटीत आम्हाला फार कुणी बसू दिलं नव्हतं. मराठी माणसाला व्यंगचित्रकार विचारा, फडणीस, सरवटे, तेंडुलकर, लक्ष्मण एका दमात सांगेल, बाई विचारा मग बघा चेहरा. १९८२ पासून मुंबईच्या संडे ऑब्झर्व्हरमधे मंजुळा पद्मनाभन 'सुकी' नावाच्या एका विस्कटलेल्या केसांच्या मुलीला घेऊन स्ट्रिप काढत होत्या, मुंबईतच, आपल्या नाकासमोर, आणि मला हे वयाच्या तिशीत कळलं. फोन आणि इन्स्टा आलं तेव्हा ती चौकट लागेनाशी झाली, बस.

आता 'चित्र महत्त्वाचं, नाव नाही' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला नाव दिसत नाही, मान्य. पण केस टाकणाऱ्याला कसं बरोबर दिसतं?

रचिता तनेजा घ्या. २०१४ पासून 'सॅनिटरी पॅनल्स' नावाची वेबकॉमिक काढतेय. काड्यांची माणसं, गोल डोकं, दोन रेषांचे हात, तुम्ही म्हणाल हे तर माझा पोरगापण काढेल. (काढू दे की. पण पोराला विनोद कुठे थांबवायचा ते कळतं का, खरी गंमत तिथे आहे.) त्या काड्यांच्या माणसांवरून डिसेंबर २०२० मधे ॲटर्नी जनरलनी कोर्टाच्या अवमानाच्या कारवाईला संमती दिली आणि सुप्रीम कोर्टाने तिला नोटीस काढली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की चित्र महत्त्वाचं, नाव जाऊ दे. पुढे २०२४ मधे तिला जिनिव्हात व्यंगचित्रकारांसाठीचा कोफी अन्नान यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार मिळाला, हाँगकाँगच्या झुन्झी यांच्याबरोबर विभागून. आपल्या किती चॅनलनी दाखवलं?

केरळच्या दुर्गा मालती यांनी २०१८ मधे जम्मूतल्या कठुआच्या, बलात्कार करून मारलेल्या त्या लहान मुलीवर चित्रं काढली, तर त्यांच्या घरावर दगड आले. दगड मारणाऱ्यांना पत्ता बरोबर सापडला. आणि पालघर आठवतंय ना, २०१२ चं? तिथे तर चित्रही नव्हतं, एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. लाइक केल्याबद्दल! २०१५ मधे कोर्टाने आयटी कायद्यातलं ते ६६अ कलम रद्द केलं. पण एकदा अटक होऊन गेली ती गेलीच ना, आमच्या आईच्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही, मी काहीही पोस्ट केलं की तिचा पहिला प्रश्न "पालघरसारखं काही होणार नाही ना?"

म्हणजे हिशोब असा की जोखीम नावावर, आणि कौतुक बिननावाचं. ते मला पटत नाही.

आता कुणी जुनी कार्यकर्ती मैत्रीण म्हणेल की आम्ही कुठे नावं घालायचो. बरोबर आहे. मथुरा केसचा, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्याचा, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९७८ मधे आला, ती आपल्याच गडचिरोलीकडची आदिवासी मुलगी, त्यानंतर १९८० मधे मुंबईत बायकांचा फोरम उभा राहिला आणि त्या सगळ्या काळात देशभर हाताने रंगवलेली, स्क्रीन प्रिंट केलेली पोस्टरं निघाली. झुबान प्रकाशनाने ती गोळा करून ठेवलीयत, 'पोस्टर विमेन' नावाने, बघा मिळाली तर. अनेकांवर कुणाचंच नाव नाही, असलं तर संघटनेचं. पण ते त्यांनी मिळून ठरवलेलं होतं. एकीने स्केच, दुसरीने घोषणा, तिसरीने शाई ओढली, मग नाव कुणाचं घालणार. स्वतः ठरवून न घालणं आणि दुसऱ्याने कात्री लावणं, यात फरक आहे, आणि तो फरक बायकांना तरी समजावून सांगायला लागू नये.

नॉन-बायनरी दोस्तांच्या बाबतीत तर कात्री आणखी विचित्र चालते. नाव ठेवलं तरी ओळखीत कुणीतरी 'चित्रकर्ती' करून टाकतं. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधे एकजण आहे ज्यांना 'ते' म्हटलेलं आवडतं. आता मराठीत "ते आले" म्हटलं की दारात आजोबा उभे असल्यासारखं वाटतं, आम्ही सुरुवातीला फार हसायचो, तेही हसायचे, सासऱ्यांसारखा मान मिळतोय तर घेतो म्हणाले. आणि 'व्यक्ती' म्हणावं तर व्यक्ती व्याकरणात बाईच! पण क्रेडिट लिहिताना एक मजा सापडली आम्हाला. "अमुकने चित्र काढलं." बघा, काढलं. क्रियापद चित्राकडे बघतं, काढणाऱ्याकडे बघतच नाही. गोधडी शिवली, वाडा बांधला, पोस्टर रंगवलं, करणारं कोणी का असेना. आपल्या भाषेत शेकडो वर्षं ही सोय आहे आणि आपण विचारतोय की मराठीत हे कसं बसवायचं. तर नाव, त्याला 'ने', आणि 'काढलं'. बसलं.

बरं, बायका वेगळं काय काढतात हा मुद्दा राहिला. सगळ्याच वेगळं काढतात असं नाही, उगाच गोड बोलणार नाही. दर बलात्काराच्या बातमीनंतर त्रिशूळ घेतलेली दुर्गा आणि रक्ताळलेला स्टेथोस्कोप यांचा जो ढीग येतो त्याचा मला कंटाळा आलाय, त्यात मीही एक दुर्गा काढून मोकळी झालेय. देवी काढली की बाई काढायचं टळतं. तरी एक अपवाद सांगते. दिल्लीच्या त्या घटनेनंतर चौदा मुलींनी एका वर्कशॉपमधे बसून कॉमिक्स केली, 'ड्रॉइंग द लाइन' नावाने २०१५ मधे झुबाननेच काढली, प्रिया कुरियन आणि दोन जर्मन चित्रकर्त्यांनी संपादन केलं. त्यात समिधा गुंजाळची एक गोष्ट आहे, रस्त्यावर छेडणाऱ्यांसमोर मुलीची काली होते. तिथे देवी चालते कारण आधीची मुलगी आपल्याला दिसलेली असते. दिती मिस्त्रीची मुंबई लोकलच्या लेडीज डब्यावरची आहे. गोव्याच्या अँजेला फेरावची नोकरीच्या जागेवरून आहे, तिचं नावच 'लेडीज, प्लीज एक्सक्यूज'. दिल्लीचा बलात्कार डोक्यात ठेवून बसलेल्या मुली लोकलचा डबा आणि नोकरीची जाहिरात काढतात, हे मला फार खरं वाटतं, कारण भीती काही त्या एका बसपुरती नव्हती. इता मेहरोत्राचं दिल्लीतल्या शाहीन बाग आंदोलनावरचं पुस्तकपण (२०२१) तसंच, थंडीत रस्त्यावर बसलेल्या बायकांशी बोलत बोलत काढलेलं.

२०१६ मधे आठजणींनी 'कडक' नावाचा ग्रुप काढला, कडक म्हणजे आपला चहा असतो तसा. त्यांनी पुढे लोकांकडून पैसे गोळा करून एक संग्रह केला, दक्षिण आशियातल्या बायका आणि नॉन-बायनरी, क्विअर लोकांच्या कामाचा, विषय बायस्टँडर. आपल्याकडे त्याला झकास शब्द आहे: बघे. अपघात झाला की जमतात ते. चित्र काढणारेही एका अर्थी बघेच की, मीपण त्या रात्री किचनमधे बसून फोनवर रूळ बघतच होते. हे टोचतं. पण नाव लिहिलं की निदान एवढं होतं की हा बघ्या गर्दीतून पुढे येऊन सांगतो, हो, मी पाहिलंय.

म्हणून मला ते एआयचं चित्र खटकलं होतं, मे २०२४ चं, गाझातल्या रफाह शहरावरच्या हल्ल्यांच्या वेळचं, 'ऑल आइज ऑन रफाह'. इन्स्टावर चार कोटींहून जास्त लोकांनी स्टोरीला लावलं, मीही लावणार होते, बोट थांबलं. एका रांगेत गुळगुळीत तंबू, एक माणूस नाही, रक्त नाही, धूळ नाही. पाहिलंच नव्हतं कुणी ते. त्याच वर्षी गाझाच्या मलक मत्तारने, जी एरवी भडक रंगांतल्या बायका रंगवते, सगळे रंग सोडून काळ्या-पांढऱ्यात एक भलंमोठं चित्र केलं, नाव 'नो वर्ड्स'. ते तुमच्या स्टोरीत मावत नाही आणि बघून पटकन पुढे जाताही येत नाही. मला विचाराल तर त्या चार कोटींतल्या निम्म्यांनी हे टाकलं असतं तरी पुरे होतं.

पैशाबद्दल दोन ओळी लिहून विषय सोडते नाहीतर रात्र जाईल. गेल्या वर्षी एका संस्थेचा मेसेज आला, महिला दिनासाठी पोस्टर हवंय, बजेट नाही पण 'आपलाच विषय आहे ना ताई'. कार्यक्रमाला मंडप होता, साऊंड होता, पाहुण्यांना शाल-श्रीफळ होतं. मंडपवाल्याला कुणी म्हणालं असेल का, आपलाच विषय आहे दादा?

मी आता कोपऱ्यात नाव घालत नाही. चित्राच्या आतच कुठेतरी घालते, बसच्या पाटीवर, भिंतीवरच्या रंगात, साडीच्या काठात. मागच्या चित्रात कुकरच्या झाकणावर घातलं, तेच, टर्र टर्र अक्षरात. कापायचं तर कुकर कापावा लागेल.

आणि काकू? काकूने दुसऱ्या दिवशी ते चित्र ग्रुपवर परत टाकलं, मी पाठवलेलं मूळ, खाली "हे आमच्या पुतणीने काढले आहे, कापू नये". आता तिला नवाच छंद लागलाय. ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं की खाली तिचा मेसेज, "कोणी काढलंय?" आज सकाळी मामाने गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला, त्यावर दव वगैरे. खाली काकू हजर. मामा अजून शोधतोय.