किती विमानं पाडली, नाना?

काल रात्री लाईट येऊनसुद्धा आमच्या मळ्यातली मोटर तासभर बंद होती. का, तर तेरा नंबरचा पाना सापडत नव्हता. मोटर दुरुस्त झालेली, स्टार्टर जोडलेला, बाग पाण्याला आलेली आणि आमचे चुलते, नाना, हत्यारांची पेटी पुढ्यात घेऊन बसलेले. "पानं पुरी भरल्याबिगर बटन दाबायचं न्हाई." शेवटी पाना माझ्याच खिशात निघाला. पुढं जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

नाना एअरफोर्समधून सार्जंट म्हणून रिटायर झाले. ७१ च्या युद्धात ते मिग-२१ या लढाऊ विमानावर होते, म्हणजे मिगच्या खाली, दुरुस्तीला. विमानात विसरलेला एखादा पाना कंट्रोलच्या दांड्यात अडकला, तर शत्रूची गरजच उरत नाही. म्हणून काम संपलं की हत्यारं मोजायची, एक कमी भरलं तरी विमान सोडायचं नाही. मिग उतरताना शेपटीमागं पॅराशूट उघडतं, ते पुढच्या उड्डाणासाठी पुन्हा घडी घालून कोंबावं लागतं. बेदाण्याच्या शेडवर नाना ताडपत्रीची घडी घालतात ना, ती बघा एकदा. आमच्या कुणाच्या बापाला जमायची नाही.

तरी गावात पोरं विचारणार, "नाना, किती विमानं पाडली?" तासगाव तालुक्यात फौजी म्हणजे बंदूक. नानांचं उत्तर ठरलेलं: "आमचं काम पडू न द्यायचं, लेका."

मला राग पोरांचा येत नाही. आपण एअरफोर्सचा इतिहासच पायलटांचा म्हणून सांगतो, त्याचा येतो. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोडवर या दलाची पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा ४ वापिटी विमानं, ६ अधिकारी आणि १९ हवाई सिपाही, म्हणजे जमिनीवर विमानं सांभाळणारे, होते. त्या अधिकाऱ्यांपैकी सुब्रतो मुखर्जींचं नाव माहीत असतं. पुढं ते प्रमुख झाले. त्या १९ जणांपैकी एक होते हरजिंदर सिंग. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस साधा सिपाही म्हणून भरती झाला, एअर व्हाइस मार्शल झाला आणि १९६१ साली त्यांच्या देखरेखीखाली कानपूरला अॅव्हरो विमान जोडून उडवलं गेलं. व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोटो कधी आलाय तुम्हाला?

कानपूरचीच आणखी एक गोष्ट. महायुद्ध संपल्यावर तिथं लिबरेटर बॉम्बर टाकून दिलेले होते, कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेले. आपल्या लोकांनी ते चालते केले आणि बंगळूरला नेऊन नीट दुरुस्त केले. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर अख्खं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभं राहिलं आणि हे भंगार १९६८ पर्यंत उडत होतं! १९४७-४८ च्या युद्धात काश्मीरमध्ये डाकोटा या वाहतुकीच्या विमानाच्या दारातून हातानं बॉम्ब ढकलले जात होते. पायलट मेहर सिंग डाकोटा लेहला उतरवतात, हे आपण सांगतो आणि सांगायलाच हवं. तेवढ्या उंचीवर नेण्याजोगं इंजिन कुणी राखलं, हे कुणी विचारत नाही.



७१ चं ढाका घ्या. आपल्या मिगनी तिथल्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडली. पाकिस्तानची सेबर विमानं त्यानंतरही तिथं धड उभी होती, पायलटही होते. पण खड्डे बुजेनात, बुजले की पुन्हा पडत. डिसेंबरचा पहिला आठवडा संपायच्या आत पूर्वेकडचं त्यांचं हवाई दल जमिनीला खिळलं. त्याच युद्धात परमवीरचक्र मिळवणारे पायलट निर्मलजीत सिंग सेखों यांना मी रोज नमस्कार करीन, पण हवाई ताकद म्हणजे काय हे मला तेजगावच्या त्या उभ्या विमानांवरनं जास्त कळतं.

आता मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. ४२ स्क्वाड्रन हवीत, २९ उरलीत, राफेल घ्या, तेजस लवकर द्या, अशी ओरड चालू आहे. बरोबरच आहे. पण अग्निवीरवायूचा, म्हणजे एअरफोर्सच्या अग्निवीराचा, करार चार वर्षांचा आणि त्यातले कायम होणार चौथा हिस्सा. नाना सांगतात, त्यांच्या कामावर वरिष्ठ दुसरी सही करायचे, आणि एकट्याच्या सहीवर काम सोडायला त्यांना पाच वर्षं लागली. "सही केली की विमान परत येईस्तोवर चहा गोड लागायचा न्हाई." पाचव्या वर्षी तयार होणारा हात आपण चौथ्या वर्षी घरी पाठवणार असू, तर स्क्वाड्रन ४२ करून करायचं काय? शंभर विमानं घेतली आणि साठच उडाली, तर आपल्याकडं साठच आहेत. माझं मत आहे, पटलं नाही तर भांडा.

आपल्या भागात भरती अकॅडम्यांचे बोर्ड गल्लोगल्ली आहेत. पोरं पहाटे उठून सोळाशे मीटर पळतात. एअरमनच्या टेक्निकल ट्रेडला गणित-फिजिक्स लागतं, हे त्यांना वेळेत कुणी सांगत नाही.

सांगली-साताऱ्यात कुणाचे वडील, चुलते, मामा फिटर, आर्मरर, इलेक्ट्रिशियन म्हणून एअरफोर्सला होते? खाली लिहा. ट्रेड आणि कुठल्या विमानावर होते तेही. पायलटांचे किस्से नकोत, ते भरपूर आहेत.