बँकेची नोटीस आली? आधी पारावर या

थकलेल्या कर्जाची नोटीस आली की पहिलं काम म्हणजे ती न वाचता घडी करून देव्हाऱ्यामागं सारायची आणि पार गाठायचा. शाखेत जाऊन शेती अधिकाऱ्याला विचारत बसू नका. त्याला नियम पाठ असतात, आणि ज्याला नियम पाठ त्याचं काय खरं?

पारावर तज्ज्ञांना तोटा नाही. एकजण 2008 च्या कर्जमाफीत बसला, दुसऱ्याला 2017 ला दीड लाखाची माफी मिळाली, तिसऱ्याला 2019 ला दोन लाखांची. तिघांचा सल्ला एकच: कर्ज थकवा. वेळेवर भरणाऱ्याला 2017 ला जास्तीत जास्त 25 हजार मिळाले, तोही गडी तिथंच बसलेला असतो, पण त्याला कुणी बोलू देत नाही.

तरी भरायचंच असलं तर मार्चअखेर नवं-जुनं करा. चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचला, बँकेत भरा, नवं कर्ज काढून सावकाराला द्या. बँक खूश, सावकार खूश. कर्ज जागचं हललं नाही, चार दिवसांसाठी महिनाभराचं व्याज मात्र गेलं. तेवढं चालायचंच. सावकाराकडं परवाना आहे का, हे विचारणं तर शुद्ध असभ्यपणा. 2014 चा सावकारी कायदा आणि सावकाराची तक्रार ऐकणारे जिल्हा उपनिबंधक शहरात असतात, आपण लातूरच्या आडतीला जातो तेव्हा वाटेत लागत नाहीत.

दुष्काळात 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक हातचं गेलं की कर्जाचं पुनर्गठन होतं. साहेब म्हणतील तिथं सही करा. पीककर्जाचं मुदतकर्ज झालं, हप्ते पुढं गेले, म्हणजे कर्ज गेलंच समजा. पुढं गेलेल्या हप्त्यांना व्याज लागतं की नाही, ते पुढंच कळेल.

पण खरी मजा एकरकमी तडजोडीत आहे, तिला गावात सगळे ओटीएस म्हणतात. माझ्या चुलत्यानं केली. पाच लाखांचं साडेतीन लाखांत मिटतंय म्हणून पेढे वाटले, तेही उधारीवर. निम्मे पैसे लगेच भरले, उरलेले सोयाबीन विकून भरू म्हणाले. सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात भिजलं. पत्राच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, मुदत चुकली तर तडजोड रद्द, सूटही रद्द. पण मागचं पान कोण वाचतो? पेढेवाला तर नक्कीच नाही.

समजा तुमचं जमलं, तडजोडीचे सगळे पैसे भरले. तर बेबाकी दाखला, म्हणजे काही येणं उरलं नाही असा बँकेचा कागद, मागू नका, साहेबांना वाईट वाटेल. सिबिलच्या, म्हणजे कर्ज कुणी कसं फेडलं याच्या, नोंदीत तुमच्या नावापुढं 'बंद' नव्हे, 'सेटल्ड' असं येईल. इंग्रजीत असल्यानं ते मानाचंच असणार. पुढं ठिबकसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा साहेब संगणकाकडं बघतील, मग तुमच्याकडं, मग पुन्हा संगणकाकडं, आणि म्हणतील, ‘‘बघू.’’

आणि सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरतो, असा पारावर ठाम समज आहे. चुलत्यानं पुढं जमीन गहाण टाकून राहिलेले पैसे भरले, त्याला तीन वर्षं झाली. इतर हक्कात बँकेचं नाव अजून ठसठशीत आहे. मागच्या आठवड्यात मी विचारलं, ‘‘काका, तलाठ्याकडं अर्ज दिला का?’’

म्हणाले, ‘‘पारावर विचारून सांगतो.’’