‘क्लाउड आहे, व्हेंडर आहे, एआय आहे, मग आयटी हेड कशाला?’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर गेलंय, बिघडलं तर व्हेंडर (यंत्रणा पुरवणारी कंपनी) बघतो, कोड एआय लिहितो, कामगाराच्या हातात ॲप दिलं की कारखाना डिजिटल होतो. तेव्हा आयटी हेडचा पगार म्हणजे पाण्यात घातलेला पैसा, त्यापेक्षा एखाद्या मशीनचा हप्ता भरा. मी एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, आयटी हेडचंच काम करतो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगतो. पण मेसेज वाचून कुणी खरंच तसा निर्णय घेतला तर भोगावं त्यालाच लागेल, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणणं, क्लाउडमुळे आता काही बंद पडत नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. आमचा सगळा डेटा क्लाउडवर सुखरूप होता, फक्त आम्हाला तिथवर पोहोचता येत नव्हतं. पाणी उतरलं, रस्ता सुरू झाला, ट्रक दारात येऊन उभा राहिला, तरी इंटरनेट नव्हतं. माल रस्त्याने न्यायला लागणारं ई-वे बिल निघेना, कुठल्या ग्राहकाला किती नग द्यायचे ते शेड्यूलही उघडेना. गेटवरच्या माणसाला कागदी चलन भरता येत नव्हतं, कारण ती वही आम्ही बंद केली होती. बंद करायचा निर्णय माझाच होता. तेव्हापासून दर मे महिन्यात एक दिवस आम्ही इंटरनेट मुद्दाम तोडतो आणि डिस्पॅच करून दाखवायला सांगतो. पहिल्या वर्षी प्रॉडक्शनवाले चिडले होते.

ही फक्त पुराची गोष्ट नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. हल्ला नव्हता, व्हायरस नव्हता. आपल्याकडच्या काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

‘जबाबदारी व्हेंडरची’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. करार काढून वाचा. ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं लिहिलेलं असतं. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे पावणेनऊ तास बंद राहणं करारात बसतं. ते पावणेनऊ तास मार्चअखेरच्या रात्री आले तरी हातात फारसं काही पडत नाही, आणि ते ओलांडले तर बहुतेक वेळा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. ग्राहकाची लाइन थांबली त्याचा दंड आपणच भरायचा.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण प्रत्येक कारखानदाराने वाचावं असं आहे. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने आपली सगळी खाती नव्या यंत्रणेवर हलवली. काम केलं होतं बँकेच्याच उद्योगसमूहातल्या तंत्रज्ञान कंपनीने. यंत्रणा कोलमडली आणि लाखो ग्राहकांना स्वतःच्याच खात्यात जाता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या माजी तंत्रज्ञानप्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले, कारण बाहेर दिलेल्या कामावर पुरेशी देखरेख राहील याची काळजी त्याने घेतली नव्हती. काम दुसऱ्याला देता येतं, उत्तर द्यायला आपल्यालाच उभं राहावं लागतं.

आपल्याकडेही तेच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीसाठी २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. डेटा व्हेंडरकडे असला तरी कायदा आधी आपल्यालाच विचारतो. रात्री दोनला हल्लेखोरांनी फाइल्स लॉक केल्या तर ते सहा तास कुणी मोजायचे? व्हेंडरच्या हेल्पलाइनवर तिकीट नंबर मिळतो, एवढंच.

‘आपल्या गावात कोण हल्ला करायला येतंय’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींवर रक्कम लुटली गेली, तेव्हा बनावट कार्डांनी पैसे काढलेल्या एटीएममध्ये कोल्हापूरचीही होती. या मुद्द्यावर जास्त बोलायला नको.

एआयबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. आमच्याकडची दोन पोरं ते रोज वापरतात, पूर्वी आठवडा लागायचा तो रिपोर्ट दुपारपर्यंत होतो. पण एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं आणि बॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही असं कंपनी म्हणू लागली, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते म्हणणं फेटाळून भरपाई द्यायला लावली. कुठलं काम एआयच्या हाती द्यायचं आणि कुठलं नाही, हे ठरवून मालकाला तोंडावर ‘नको’ म्हणणारा माणूस लागतोच.

आता ‘ॲप दिलं की झालं’. तीन वर्षांपूर्वी आम्ही फर्नेसशेजारी टॅब लावले. हीट नंबर (भट्टीतल्या प्रत्येक वितळीचा क्रमांक), चार्जमध्ये म्हणजे भट्टीत काय किती टाकलं, टॅपिंगचं म्हणजे धातू भट्टीतून काढतानाचं तापमान, सगळं तिथल्या तिथे भरायचं. महिनाभर डॅशबोर्ड इतका छान दिसला की संचालकांनी कौतुक केलं. मला एकच खटकत होतं: रात्रपाळीच्या सगळ्या नोंदींची वेळ सकाळी साडेसहा ते पावणेसात. म्हणून एका रात्री जाऊन उभा राहिलो. मेल्टिंगचे सुपरवायझर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, खिशातल्या वहीत पेन्सिलीने लिहीत होते आणि पाळी सुटताना एक पोरगा ते टॅबवर चढवत होता.

विचारलं तर म्हणाले, “सायेब, हातमोजं काढून बोट लावंस्तवर मेटल थंड हुतंय. आणि ह्यात ह्ये ‘स्क्रॅप ग्रेड टू’ म्हंजे बोरिंग का रिटर्न, त्ये तुमीच सांगा.”

बोरिंग म्हणजे मशीनवरचा चुरा, रिटर्न म्हणजे ओतकामातून उरलेलं आपलंच भंगार. यादीतली नावं त्यांच्या तोंडची केली, तापमान थेट पायरोमीटरवरून (तापमान मोजायच्या यंत्रावरून) घेतलं, हीट नंबरची नोंद स्पेक्ट्रोच्या (धातूचं मिश्रण तपासायच्या यंत्राच्या) टेबलाशी नेली कारण तिथे हातमोजे काढलेलेच असतात. एवढं आठ दिवसांत झालं. तरी वही खिशातून जाईना. खरं कारण मामांनी नंतर चहाला बसल्यावर सांगितलं: वेळेसकट नोंद झाली की रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, कुणाच्या हीटचं ते कळणार, आणि मग बोनस कापणार. सॉफ्टवेअरने हे सुटणारं नव्हतं. नोंदीवरून वर्षभर कुणाचाही पैसा कापला जाणार नाही, असं संचालकांनी शॉपवर सगळ्यांसमोर सांगावं म्हणून मी तीनदा केबिनमध्ये गेलो. दोनदा नकार घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा ते खाली आले आणि बोलले. त्यानंतर चार महिन्यांनी मामांनी वही आणणं बंद केलं. माझ्या पगाराचा मोठा भाग त्या तीन फेऱ्यांसाठी आहे, असं मी मानतो.

पगाराचा मुद्दा मात्र मला पूर्ण खोडायचा नाही. चाळीस माणसांच्या मशीनशॉपला मोठ्या पगाराचा आयटी हेड परवडणार नाही आणि लागतही नाही. पण ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं होण्याची वार्षिक उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती, ती ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे त्या मर्यादेवरच्या लहान शॉपलाही आता यंत्रणेशिवाय दुसऱ्या कंपनीला बिल करता येत नाही. तिथे या कामाला एक नाव लागतं: मुलगा, अकाउंटंट, आठवड्यातून दोन दिवस येणारा जाणकार, कुणीही. त्याला मालकाशी थेट बोलायची मुभा मात्र हवी.

मला मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एका कारखानदारांना मी एवढंच विचारलं होतं, की तुमचा बॅकअप शेवटचा परत चढवून कधी बघितला? त्यांनी संध्याकाळी फोन केला. बॅकअप रोज निघतो, चढवून कुणीच बघितलेला नाही. गुरुवारी मी त्यांच्याकडे जातोय. २०२२-२३ ची खाती दुसऱ्या संगणकावर उघडतात का, तेवढं आम्ही दोघं बसून बघणार आहोत.