चार नंबरचे गमबूट पण आणा

३१ जुलैला मासेमारीबंदी संपेल आणि जेटी पुन्हा गजबजेल. इंजिन, जाळी, बर्फ, डिझेल, सगळ्याची तयारी चाललीय. मासळी निवडणाऱ्या बायकांच्या पायात काय असणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मिरकरवाडा बंदर घ्या की हर्णै, खलाशांच्या पायात गमबूट दिसतात, बायका बहुतेक प्लॅस्टिकच्या चपलांवर, नाहीतर अनवाणी.

नाखवांचं, म्हणजे बोटमालकांचं, उत्तर ठरलेलं: "बूट दिले तरी त्या घालत नाहीत." कशा घालतील? आणलेले असतात आठ-नऊ नंबरचे. चार-पाच नंबरच्या पायात तो बूट गेला की टाच आत वरखाली होते, काठ पोटरीला घासतो आणि बुळबुळीत लादीवर पाय एकीकडे, बूट दुसरीकडे. त्यापेक्षा अनवाणी बरं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पण अनवाणी पायाचे हाल बघा. तासन् तास बर्फाच्या पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, मऊ होते, मग चिरते. चिखल्या म्हणून आपण सोडून देतो. उंदराच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोच्या तापाचा जंतू अशाच चिरांतून शरीरात शिरतो. शिंगाळा माशाचा काटा लागला तर ठणका वेगळाच.

बूट घेताना रंग नि भाव सोडून आधी तळवा बघा. खाचा खोल हव्यात आणि कडेपर्यंत मोकळ्या जायला हव्यात, म्हणजे पाणी बाहेर फेकलं जातं. बारीक नक्षीत खवले अडकून बसतात, मग तळवा सपाटच झाला समजा. साधा पीव्हीसी बूट माशाच्या तेलाने हळूहळू कडक होतो आणि जिथे पाय दुमडतो तिथेच तडकतो. म्हणून मासळीच्या कामाला नायट्राइल मिसळलेला पीव्हीसी मागा, थोडा महाग पडला तरी. बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्याला पुढे स्टीलची टोपी हवी, निवडणारीला ते वजन कशाला? आणि दुकानात मोजा घालूनच चालून बघा, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना.

भातलावणीचं गणित निराळं. गुडघाभर चिखल ढगळ बूट ओढून घेतो, तिथे पोटरीला घट्ट बसणाराच चालतो. वरून पाणी शिरलं तर तो बूट नसल्यातच जमा. बूट आहेत म्हणून लेप्टो टाळायला डॉक्टरांनी दिलेली डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिनची) गोळी मात्र चुकवू नका.

एका फेरीच्या डिझेलपुढे बुटांच्या जोडीची किंमत ती काय? नाखवांनो, या आठवड्यात ऑर्डर देताना आधी बायकांच्या पायांची मापं घ्या. एक जोडी सगळ्यांत फिरवू नका, चिखल्या एकीच्या दुसरीला होतात. प्रत्येकीला तिचे बूट द्या, आणि रात्री ते उलटे टांगायला जेटीवर एक दांडी बांधा.