पक्ष्यांची नोंद पालिकेच्या दप्तरी लागावी

पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने सुमारे 44 किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे काम सुरू झाले, त्यानंतर 2023 मध्ये वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्यावरून वाद पेटला, आणि तेव्हापासून मँचेस्टरहून घरच्यांशी होणाऱ्या माझ्या बोलण्यात पक्ष्यांचा विषय वारंवार निघू लागला. रोज वाहतूक कोंडीत अडकणाऱ्या माझ्या मावसभावाला रस्ता हवा आहे आणि त्याची गरज खोटी नाही. माझ्या आत्याला, जी वर्षानुवर्षे पहाटे टेकडीवर फिरायला जाते, टेकडी आहे तशी हवी आहे. दोघेही तळमळीने बोलतात, पण पक्ष्यांचा मुद्दा आला की एक म्हणतो, "ते उडून दुसरीकडे जातील," आणि दुसरी म्हणते, "तिथे खूप पक्षी आहेत." कोणते पक्षी, किती, कोणत्या महिन्यात, टेकडीच्या नेमक्या कोणत्या उतारावर, हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही, आणि निर्णय घेणाऱ्यांसमोरही ते बहुधा मांडले जात नाही.

उडून दुसरीकडे जाण्याचा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे, परंतु तो टिकणारा नाही. रातवा आपली अंडी उघड्या जमिनीवर घालतो. त्याला गवत, दगड आणि माणसांच्या पावलांपासून थोडी सुटका लागते. टिटवीचेही तसेच आहे. शेकाट्या आणि त्याच्यासारखे इतर पाणथळी पक्षी नदीच्या खोल पाण्यावर जगत नाहीत, तर काठाच्या उथळ चिखलावर जगतात, आणि काठ उभ्या भिंतीने बांधून काढला की तो चिखलच नाहीसा होतो. पाणी शिल्लक राहते, पण चोच घालायला जागा राहत नाही. हा फरक एकदा कोणी समजावून दिला, की दहा वर्षांच्या मुलालाही नकाशा पाहून कळतो.

मी ज्या शहरात राहते, त्याच्या डिड्सबरी या उपनगरात 1889 साली एमिली विल्यमसन या स्त्रीने पक्षिरक्षणासाठी काही स्त्रियांना एकत्र आणले. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची टूम होती आणि त्यापायी बगळ्यांसारखे पक्षी लाखोंनी मारले जात. त्या छोट्या मंडळातून पुढे ब्रिटनची सर्वांत मोठी पक्षिसंरक्षण संस्था उभी राहिली, जिला 1904 मध्ये राजसनद मिळाली, आणि पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा 1921 मध्ये झाला. म्हणजे पहिल्या बैठकीपासून कायद्यापर्यंत 32 वर्षे गेली. याच संस्थेने 1979 मध्ये मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला: जानेवारीच्या अखेरीस एक तास बसायचे, परसात येणारे पक्षी मोजायचे आणि आकडे पाठवायचे. आज त्यात लाखो लोक भाग घेतात. चिमणीची संख्या निम्म्याहून अधिक घटल्याचे चित्र सर्वसामान्य लोकांसमोर आले, ते मुख्यतः वर्षानुवर्षे त्याच पद्धतीने झालेल्या या मोजणीमुळे.

तरीही ब्रिटनचा कित्ता गिरवावा, असे मी म्हणणार नाही. 2021 मध्ये येथे 245 जातींचा आढावा घेण्यात आला आणि त्यांपैकी 70 जाती सर्वाधिक चिंतेच्या लाल यादीत गेल्या. शेतांवर अवलंबून असलेले पक्षी तर 1970 पासून निम्म्याहून अधिक घटले आहेत, कारण शेतीची पद्धत बदलली, कुंपणाची झुडपे काढली गेली आणि कीटकनाशके वाढली. पक्ष्यांवर प्रेम करणारे लाखो सभासद असलेल्या देशात हे घडले, ही गोष्ट पुण्याने नीट लक्षात घ्यायला हवी. प्रेम आणि सभासदसंख्या यांनी पक्षी वाचत नाहीत.

येथून घेण्यासारखे जे आहे, ते निराळे आहे. 1947 पासून येथे पाणथळ जागांवरील पक्ष्यांची मोजणी चालू आहे. स्वयंसेवक दर महिन्याला ठरलेल्या दिवशी आपल्या नेमून दिलेल्या तलावावर किंवा खाडीवर जातात, मोजतात आणि एकाच पद्धतीने नोंद करतात. संरक्षित क्षेत्रे ठरवताना हे आकडे पुरावा म्हणून वापरले जातात. माझ्या वस्तीजवळ एखादे मोठे बांधकाम प्रस्तावित झाले, तर त्याचा अर्ज नगर परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, गरज असेल तेथे परिसरशास्त्रज्ञाचा अहवाल त्याला जोडलेला असतो, आणि शेजारी राहणारी निवृत्त शिक्षिका आपल्या वहीतल्या नोंदींचा आधार देऊन हरकत लिहू शकते. फेब्रुवारी 2024 पासून इंग्लंडमध्ये बहुतेक मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान 10 टक्के भर घालणे बंधनकारक आहे. या व्यवस्थेत त्रुटी आहेत, पळवाटा आहेत, परंतु सामान्य माणसाच्या नोंदीला तेथे जाण्याची वाट आहे.

पुण्यात ज्ञानाची उणीव कधीच नव्हती. प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि परिसरशास्त्रज्ञांची पिढी घडवली. डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावात घुबडांचा उत्सव भरवला. ज्या पक्ष्याला अशुभ मानून दगड मारले जात होते, त्याच्याविषयी गावातली मुले अभिमानाने बोलू लागली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. भिगवणजवळ उजनी धरणाच्या जलाशयावर कुंभारगावचे मच्छीमार पाहुण्यांना होडीतून रोहित आणि पट्टकादंब दाखवतात. राज्य शासनाने मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. देशभरातील सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला 2023 चा अहवाल सांगतो की, ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी 60 टक्के जाती घटल्या आहेत.

प्रश्न हा आहे की, हे शिकण्याची संधी पुण्यात कोणाला मिळते. रविवारी पहाटे पाषाण तलावावर किंवा कवडीपाटला जायचे, तर वाहन हवे, सवड हवी, दुर्बीण हवी. अनेकदा माहिती इंग्रजीत सांगितली जाते. दिवसभर रस्ता झाडणारी बाई, सोसायटीचा रखवालदार, टेकडीच्या पायथ्याशी टपरी चालवणारा माणूस यांना तांबटाचा आवाज कोणत्या महिन्यात वाढतो आणि पिंगळ्याची ढोली कोणत्या झाडात आहे, हे अनेकदा हौशी निरीक्षकांपेक्षा आधी ठाऊक असते, परंतु त्यांना कोणी विचारत नाही. दुसरीकडे, मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेऊन येणाऱ्या काहींना छायाचित्राखेरीज काही नको असते. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला विणीच्या काळात ओढून आणणे, भिगवणला कुरव पक्ष्यांना शेव-गाठी घालून होडीभोवती गोळा करणे, हे प्रकार पाहून मला वाईट वाटते. या लोकांना पक्षी आवडत नाहीत असे नाही. त्यांना पक्ष्याशी कसे वागावे हे कोणी शिकवलेले नाही. कबुतरांना पोत्याने धान्य घालण्यामागेही दयाच असते, आणि त्यांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसांचा आजार दंडाच्या पाटीपेक्षा शेजारच्या माणसाने समजावला, तर अधिक पटतो.

म्हणून मला वाटते की, प्रत्येक प्रभागात महापालिकेच्या एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात मराठीतून पक्षिनिरीक्षणाचा नियमित वर्ग असावा, आणि पुस्तकाप्रमाणे दुर्बीणही तेथून घरी नेता यावी. सुरुवात नवरंग किंवा स्वर्गीय नर्तक यांच्या शोधाने करू नये. दयाळ, शिंपी, शिंजीर, कोतवाल हे घराजवळचे पक्षी आधी ओळखावेत, आणि ओळखीबरोबर मोजणीची शिस्त शिकवावी: तीच वाट, तीच वेळ, तोच नमुना, दर महिन्याला. काही दिसले नाही, तर तेही लिहावे, कारण अनुपस्थितीची नोंद नसेल तर घट सिद्ध करता येत नाही. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे. प्रभागातल्या लोकांना तिच्याशी जोडून घेणे अवघड नाही.

आणि या नोंदींना जागा आहे. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. या नोंदवहीच्या कल्पनेला आकार देण्यात पुण्याचेच परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. शहरातील झाडे तोडण्यावर बंधने घालणारा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, ज्यात नागरिकांना हरकत घेता येते. "झाड तोडू नका" या हरकतीपेक्षा "या झाडाच्या ढोलीत सलग तीन हिवाळे पिंगळ्याची जोडी आहे, सोबत तारखा" ही हरकत फेटाळणे अधिक कठीण असते.

मावसभावाने मला विचारले, "मोजून काय होणार? पालिका ऐकते का?" त्याचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. परंतु नदीकाठाचा जो भाग अजून बांधला गेलेला नाही, तेथली आजची नोंद काम झाल्यावर कोणालाही मागे जाऊन करता येणार नाही. डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येरवड्याजवळच्या काठावर या हिवाळ्यात किती थापटे, किती नदी सुरय, किती धोबी होते, हे लिहिलेले असेल, तरच पुढे झालेल्या बदलाचा जाब विचारता येईल. महापालिकेने आपली नोंदवही प्रभागवार आणि मराठीत संकेतस्थळावर ठेवावी, तिच्यात नागरिकांना तपासून भर घालता यावी, आणि नदी किंवा टेकडीवरील प्रत्येक प्रस्तावासोबत तिचा संबंधित भाग जोडावा, ही मागणी मी आत्याला तिच्या टेकडीवरच्या मंडळींच्या सह्यांनिशी पाठवायला सांगितली आहे, आणि मसुदा मी लिहून देत आहे.