जाताना दोन तास, येताना दीड

दिल्ली ते काठमांडू हवाई अंतर साधारण ८१५ किलोमीटर. प्रवासी विमान ताशी आठ-नऊशेच्या वेगानं उडतं, म्हणजे तासाभराचं काम. हे गणित आमच्या आत्याचं. कुठल्याही प्रवासाला किती वेळ लागतो हे तिला आधीच ठाऊक असतं. जास्त लागला, तर तो प्रवाशाचा वेंधळेपणा.

पण तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली, तर जाताना दोन तास निघाले आणि येताना दीड.

"जाताना चढ असणार," आत्या म्हणाली. "डोंगर आहेत ना तिकडे!"

मी तिला समजावलं, की नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे. १९८६ पासून ते गौरीशंकर शिखराजवळच्या ८६ अंश १५ मिनिटं रेखावृत्तावर चालतं, आपलं साडेब्याऐंशीवर. फरक पावणेचार अंशांचा, अंशाला चार मिनिटं, झाली पंधरा. जाताना ती वाढतात, येताना तेवढीच घटतात, म्हणून अर्ध्या तासाचा फरक.

"एवढ्याशासाठी वेगळं घड्याळ? जरा जुळवून घ्यायचं की!"

खरं तर पंधरा मिनिटांची कुणाला पडली होती? विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं होतं. तिथली रांग एका पस्तिशीच्या तरुणापाशी अडली. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट वयातल्यांना आधार कार्ड चालत नाही. याच्याकडे नेमकं तेवढंच होतं.

"मतदार ओळखपत्र?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"मी मतदान करत नाही," तो बाणेदारपणे म्हणाला. लोकशाहीनं त्याचा सूड तिथल्या तिथे उगवला.

दिल्लीहून जाताना हिमालय डावीकडे दिसतो, हे विमानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला उजवी खिडकी मिळाली. तिच्यातून उत्तर प्रदेश दिसतो, तोही धुरकट. डावीकडे पाहिलं तर मोबाइल धरलेले हात आणि माना. शिखरं असावीत, कारण "एव्हरेस्ट! एव्हरेस्ट!" असा गजर चालला होता. नेपाळच्या पश्चिम टोकापासून पुढे दिसेल तो प्रत्येक पांढरा सुळका एव्हरेस्टच होता.

मग समोरच्या पडद्यावर 'उरलेला वेळ १२ मिनिटं' असं झळकलं. लोकांनी बूट घातले. बऱ्याच वेळानं पाहिलं, तरी १२ मिनिटंच. काठमांडूचा विमानतळ चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात, धावपट्टी एकच, त्यात हिवाळ्यातलं सकाळचं धुकं. वैमानिकानं सांगितलं, उतरायला आपला नंबर येईपर्यंत फेऱ्या माराव्या लागतील. लोकांनी बूट काढले.

विमान वळलं. तोंड पश्चिमेला झालं आणि माझ्या खिडकीत अख्खा हिमालय येऊन उभा राहिला. डाव्या रांगेतले एक गृहस्थ, मघाचे एव्हरेस्टवाले, माझ्या खांद्यावरून मोबाइल पुढे करत म्हणाले, "जरा मागे सरकता का?"

"थांबा," मी म्हटलं, "पुढच्या वळणाला तुमच्याकडे येईलच."